चेसीला जाणारी तार

परभणी जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं मला निघण्याआधी किमान दहा जणांनी विचारलं. परत आल्यावर त्यातल्या एकानेही विचारलं नाही, कारण तोवर माझ्या बोटांवरची पट्टी सगळ्यांनी पाहिली होती आणि ट्रकची गोष्ट गावभर झाली होती. ती जशी पसरली तशी घडली नव्हती. म्हणून हे लिहिते आहे.

एक आधी सांगते. मी भित्री बाई आहे. देवगडला खाडीच्या कडेला वाढले, पण होडीत बसताना अजून डोळे मिटते. लहानपणी लपंडावात भाताच्या कणगीमागे अडकले होते, तेव्हापासून अरुंद जागेत शिरायचं म्हटलं की श्वास वर वर होतो. अशा बाईने चाळिशीत एकटीने मराठवाड्यात जायचं ठरवलं ते कमलमुळे. कमल पेडगावच्या शाळेत शिक्षिका. आम्ही दोघी पुण्याच्या एका शिक्षक शिबिरात तीन आठवडे एका खोलीत राहिलो होतो. त्यानंतर चार वर्षं पत्रं आणि दर पत्रात "ये की एकदा". दुष्काळ सरून दोन चांगली पिकं आली होती. शिमग्याला जोडून मला रजा मिळाली आणि मी निघाले.

पेडगाव

गाडीतून उतरले तेव्हा ऊन कलतं होतं. स्टेशन एवढंसं. पलीकडे नुसती जमीन, काळी, भेगाळलेली. एकेक भेग एवढी रुंद की माझी चप्पल उभी आत गेली असती. आमच्याकडे नजर कुठेतरी अडते. डोंगर असतो, माड असतात, नाहीतर समुद्राची रेघ. इथे ती कुठेच टेकेना. आभाळाखाली उघड्यावर आल्यासारखं वाटलं आणि मी उगाचच कमलचा दंड धरला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. फार मोकळं आहे गं."

ती खळखळून हसली. कमल आडव्या बांध्याची, रुंद खांद्यांची, आणि तिचं हसूही तसंच ऐसपैस.

घरी तिची आई आणि ती, दोघीच. संध्याकाळी आईने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि दोघींनी वंदना म्हटली. आमच्याकडे या वेळेला निरांजन लागतं आणि परवचा होतो. वेळ तीच, हात जोडणंही तेच, म्हणून मला परकं वाटलं नाही. जेवायला जवारीची भाकरी, तुरीचं वरण आणि शेंगदाण्याची चटणी. भाताचा पत्ता नाही. मी अर्ध्या भाकरीतच दमले.

"निस्त्या बघायलाव तुमी," आई म्हणाली. "एवढ्या दुरून आलाव, जेवा की. आमी काय मोजायलोत का?"

हे 'बघायलाव' आणि 'मोजायलोत' माझ्या कानाला फार गोड लागलं.

येलदरी

दुसऱ्या दिवशी येलदरीचं धरण. भिंतीवरून चालताना एका बाजूला थोपवलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरीसारखी पूर्णेची वाळू. मी मधोमध चालत राहिले. खाली वीजघर. जवळ गेलं की त्याची घरघर कानांआधी तळपायांना कळते. राखणदार म्हणाला, "ह्याच पान्यावर दिवे जळायलेत, बाई." एवढं पाणी एका भिंतीमागे गप्प उभं आहे आणि आपण त्या भिंतीच्या पायाशी उभ्या आहोत, हे मनात आलं आणि मी परत फिरले.

तिथल्या भोयाकडून कमलने मासे घेतले. नदीचे मासे. चव चांगली होती, पण काटे इतके की एक घशात अडकला आणि मी रडकुंडीला आले. कमलच्या आईने भाकरीचा कोरडा घास गिळायला लावला. समुद्रकाठची बाई नदीच्या माशाने घायाळ झाली, हे दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना कळलं होतं.

पाथरीहून परत

चौथ्या दिवशी आम्ही पाथरीला गेलो. कमलची मावशी तिथे असते. सकाळच्या एसटीने गेलो, मावशीने धपाटे आणि दही खाऊ घातलं, वाटेसाठी चार बांधूनही दिले. परतीला दोनची गाडी होती. ती आलीच नाही. अडीच वाजता कळलं की येणारही नाही.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक ट्रक थांबला. लांब नाकाचा, जुनाट, इंग्रजी बनावटीचा. वर कडब्याच्या पेंढ्यांचा असा डोंगर रचलेला की ट्रक खाली आहे हे शोधावं लागावं. चालक गफारभाई. पन्नाशीचे, सडपातळ, मेंदीने रंगवलेली दाढी. शाळेची बाकं एकदा त्यांनीच आणली होती, म्हणून कमलला ओळखत होते.

"परभणीला चाललोय बाई. बैठो. फाट्यावर सोडतो."

मला ट्रकात बसायचं नव्हतं, पण तसं म्हणायची लाज वाटली. मी मधे बसले, कमल दाराशी. इंजिनाची ऊब पायांना लागत होती, कडब्याचा गोडसर वास येत होता. गफारभाई सांगत होते की गाडी मालकाने महिन्यापूर्वीच घेतली, जोडीदार भावाच्या लग्नाला गेलाय, म्हणून आज एकटेच आहेत.

मानवत मागे पडलं. पुढे एका ओढ्यावर नवा पूल बांधणं चाललं होतं. दगडी भिंती उभ्या झालेल्या, वरचा भाग व्हायचा होता. त्या दिवशी कामावर कुणी नव्हतं. गाड्यांसाठी पुलाच्या भिंतीला लागून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून कच्ची वाट काढली होती. गफारभाईंनी ट्रक हळूच त्या उतारावर घातला.

समोरून बैलगाडी वर येत होती. हॉर्न ऐकून बैल बुजले आणि वाटेत आडवे झाले. गफारभाईंनी चाक उजवीकडे फिरवलं. उजवी चाकं भुसभुशीत वाळूत गेली आणि ट्रक कलू लागला. धाडकन नाही, अगदी सावकाश. एखादा म्हातारा माणूस भिंतीला टेकतो तसा तो उजव्या कुशीने त्या दगडी भिंतीला टेकला. मग पत्रा चिरडल्याचा आवाज झाला आणि गफारभाई ओरडले.

भिंतीतला एक पुढे आलेला दगड त्यांच्या दाराचा पत्रा आत ढकलून बसला होता. त्यांचा उजवा पाय पत्रा आणि ब्रेकच्या दांड्यांच्या मधे अडकला होता.

कमलने वरच्या अंगाला झालेलं दार ढकललं. आम्ही दोघी धडपडत बाहेर पडलो. मी पाय खाली टाकला तसा ट्रक जरासा हलला आणि आत कुठेतरी, गफारभाईंच्या पाठीमागे, 'टिच्' असा आवाज झाला. निळसर उजेड भिंतीवर चमकून गेला. लगेच जळक्या रबराचा वास.

"हलू नका!" गफारभाई आतून म्हणाले. "गाडीला कोणी हात लावू नका!"

गाडीवानाचं नाव केरबा. दांडगा माणूस. तो बैल सोडून धावत आला होता आणि गफारभाईंना ओढून काढायला चढणारच होता. तो जागीच थांबला.

गफारभाईंचा चेहरा घामाने भिजला होता, पण आवाज एका पट्टीत होता. बॅटरीची पेटी त्यांच्या दाराच्या मागे, चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, बाजूला आहे. तिथून निघणारी जाड तार चेपली गेली असणार आणि तिचं रबर सोललं असणार. गाडी हलली की उघडी तार लोखंडाला लागते, ठिणगी पडते. चावी बंद केली तरी उपयोग नाही, ती तार थेट बॅटरीतून येते.

"आणि वर कडबा हाय," ते म्हणाले.

मार्चमधला कडबा. हातात धरला तरी कुरकुर मोडतो. तो बाजूंनी लोंबत होता, भिंत आणि ट्रक यांच्यामधे खाली आला होता.

"मी मानसं आनतो," केरबा म्हणाला. "गाव लांब न्हाई. पर मला येळ लागंल." आणि तो पळत सुटला.

"पाय ओढून काढायचा तर गाडी हलणार," गफारभाई म्हणाले. "आधी बॅटरीची तार काढायला पाहिजे. मग कायबी करा."

ट्रक वरच्या बाजूला भिंतीला टेकला होता, खाली चाकांपाशी मात्र फट होती. मागच्या चाकापासून आत शिरलं की सरपटत पेटीपर्यंत जाता येईल, एवढी. कमल आधी वाकली. तिचा एक खांदा आत गेला, दुसरा जाईना. जोर लावला असता तर ट्रकला धक्का लागला असता. ती मागे सरकून बसली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी किरकोळ अंगाची. हात लांब आणि बारीक. तिथे तिसरं कोणी नव्हतं.

"मला जमायचं नाही," मी म्हणाले. खरंच म्हणाले. लोक सांगतात तशी मी पुढे झाले नाही. श्वास वर वर व्हायला लागला होता. दहा वर्षांची असताना कणगीमागे अडकल्यावर जसं झालं होतं, अगदी तसं.

गफारभाईंनी ऐकलं. आतून म्हणाले, "न जमलं तर ऱ्हाऊ द्या, बाई. जबरदस्ती न्हाई."

तसं नसते म्हणाले तर कदाचित मी गेलेच नसते.

"काय करायचं ते सांगा," मी म्हणाले.

"अंगावरचं धातूचं सगळं काढा. बांगड्या, गळ्यातलं, अंगठी. बॅटरीवर पडलं तर हातालाच जळतं."

पाटल्या निघाल्या. अंगठी निघेना, कमलने चाकाच्या पाट्यावरचं ग्रीस बोटाला चोळलं आणि फिरवून फिरवून काढली. मग मंगळसूत्र. लग्नानंतर सतरा वर्षांत ते मी गळ्यातून काढलं नव्हतं. हात तिथे जाऊन थांबला. मनात नको ते आलं, आणि ते नवऱ्याबद्दल नव्हतं, माझ्या स्वतःबद्दलच होतं. कमलने हात पुढे केला. "दे. माझ्यापाशी ऱ्हाईल." मी दिलं. तिने माझा पदर कमरेला घट्ट खोचला, केस मागे बांधले.

गफारभाईंनी सीटखालून पाना काढून कमलकडे दिला, सोबत चाकाच्या जुन्या रबरी ट्यूबचे दोन तुकडे. एक तुकडा पान्याच्या दांडीवर गच्च गुंडाळायला सांगितला, नुसतं तोंड उघडं ठेवून. दुसरा मी कंबरेत खोचला.

मग मी कुशीवर आडवी झाले आणि मागच्या चाकापाशी आत शिरले.

आत उजेड पिवळट होता, कडब्यातून गाळून आलेला. पाठीला भिंतीचा दगड, तोंडासमोर ट्रकचं लोखंड. कोपर टेकायचं, अंग वीतभर ओढायचं, थांबायचं. वर लोंबणारी पाती मानेवर घासत होती. चाकाखालची वाळू मधेच झरझर सरकायची आणि मला वाटायचं, आता हे सगळं खाली बसणार. श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. मी थांबले. मागे जाता येईल का, एवढाच विचार डोक्यात होता.

"शालू," मागून कमलचा आवाज आला. "सावकाश. घाई न्हाई कशाची."

तिचा आवाज वर्गात बेरीज शिकवतानाचा होता. मी पुन्हा कोपर टेकलं.

पेटी सापडली. तिच्यापलीकडे पत्र्याआड गफारभाई होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"पोचले," मी म्हणाले.

"शाब्बास. पेटीचं झाकण लोखंडी हाय. सरळ वर उचला. तिरकं झालं आन बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना एकदम टेकलं तर भडका."

झाकणाचा पट्टा आधीच तुटला होता. मी दोन्ही तळव्यांत ते धरलं आणि देवघरातली मूर्ती उचलावी तसं बोट बोट वर केलं, मग छातीशी ओढून घेतलं. ठेवायला जागा नव्हती. शेवटी पोटाखाली सारलं.

"आता तोंड बाजूला करा. जरा हवा लागू द्या. तिच्यातून गॅस निघतो."

मी तोंड दगडाकडे केलं. तेवढ्यात ट्रक कण्हला आणि 'टिच्' झालं. या वेळी हातभरावर. डोळे मिटलेले असूनही उजेड दिसला. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. कपाळ दगडावर आपटलं एवढं आठवतं.

"माफ करा," गफारभाई म्हणाले. "पाय आखडला, म्हणून हललो. आता न्हाई हलणार."

मोडका पाय लोखंडात आणि हा माणूस माझी माफी मागत होता.

मी डोळे उघडले. बॅटरीवर दोन खुंट्या, दोन्हींवर पांढरी बुरशी चढलेली, दोन्ही तारा ग्रीस आणि चिखलाने सारख्याच काळ्या. आमच्या घरी वीज येण्याआधी रेडिओ अशाच बॅटरीवर चालायचा. वडील नेहमी सांगत, आधी मायनस काढायची. मी बोटाने बुरशी पुसली. एका खुंटीजवळ आडवी रेघ कोरलेली लागली.

"मायनस सापडली," मी म्हणाले आणि पाना लावायला हात उचलला.

"नक्को!" गफारभाई एवढ्या जोरात ओरडले की पाना हातातच गोठला. मग लगेच आवाज खाली आणून म्हणाले, "प्लस-मायनस बघू नका, बाई. ह्या जुन्या इंग्रजी गाड्या. कोणाची मायनस चेसीला असती, कोणाची प्लस. तुमी फक्त एवढं बघा, कोणती तार चेसीला गेलीय. तीच पहिली. ती सुटली की दुसरी कुठंबी लागू द्या, ठिणगी पडत न्हाई. दिसत नसंल तर हातानं माग काढा."

मी रेघेच्या खुंटीपासून तार चाचपत गेले. जाड, गोल. ती चेसीवर न थांबता पुढे इंजिनाकडे गेली होती आणि दोन वितींवर तिचं रबर सोललेलं होतं. बोट तिथे पोचायच्या आत मला ऊब लागली. मी हात झटकन मागे घेतला. हीच ती. हिलाच मी पाना लावणार होते.

दुसरीचा माग काढला. ती गोल नव्हती. चपटी, वेणीसारखी विणलेली पट्टी होती, आखूड. खुंटीवरून निघून सरळ चेसीवर एका बोल्टाखाली दाबलेली. मी तीनदा चाचपली. तीनदा वेणीच लागली.

"विणलेली पट्टी आहे. चेसीवर बोल्टाने बसवलीय."

"तीच. देवाचं नाव घ्या आन लावा पाना. बाटलीचं बूच उघडतो तसं फिरवा."

नट हलेना. बुरशीने धरला होता. बोटांना चुणचुण व्हायला लागली, मग आग. मी दोन्ही हातांनी दांडी धरून जोर केला. पाना निसटला आणि त्याचं उघडं तोंड पेटीच्या लोखंडी कडेवर खाडकन बसलं.

माझा जीव गेला. मी वाट बघितली. काहीच झालं नाही.

"काय वाजलं?" गफारभाईंनी विचारलं.

"पाना लोखंडाला लागला."

आतून हसल्यासारखा आवाज आला. "आन ठिणगी न्हाई पडली ना? मग बराबर हाय. चेसीची तार चेसीला लागली, तिला काय व्हतंय? दुसरी असती तर समजलं असतं आपल्याला. फिरवा."

फिरवला. चौथ्या झटक्याला नट सुटला.

"शालू, सावकाश," कमल म्हणाली. आवाज आता पुढून, वरून कुठूनतरी येत होता आणि तिला धाप लागली होती. ती गफारभाईंशी बोलायला पुढे गेली असेल, असं मला वाटलं. "तुझं तू कर. घाई न्हाई."

पट्टीचं टोक खुंटीवर चिकटून बसलं होतं. ठोकायचं नाही, असं गफारभाईंनी बजावलं होतं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. निघालं. मी ते मागे वाकवलं, कंबरेतली ट्यूब त्याच्यावर गुंडाळली आणि मूठ गच्च आवळली.

"निघाली," मी म्हणाले.

"खुंटीपासून लांब धरा. सोडू नका."

आणि त्याच क्षणी चाकाखालची वाळू सरकली. ट्रक दोन बोटं खाली बसला. लोखंड माझ्या कमरेवर येऊन टेकलं. मी त्या आवाजाची वाट बघितली. 'टिच्' झालं नाही. ठिणगी पडली नाही. सोललेली तार लोखंडाला चिकटून बसली होती, पण आता ती वीज नसलेली निव्वळ तार होती.

पण मला आता हलता येत नव्हतं. पुढे नाही, मागे नाही. खरी भीती त्यानंतरची. आधी हाताला काम होतं, आता नव्हतं. नुसती मूठ आवळून पडायचं आणि कमरेवरचं ओझं वाढतंय का ते बघायचं. मी कमलला हाका मारल्या. बहुतेक आईलाही मारल्या.

"आले," कमल म्हणाली. मग माझ्या पायांकडून वाळू उकरल्याचा आवाज यायला लागला. ती हात घालून माझ्या कुशीखालची वाळू काढत होती. मान वळवली तेव्हा तिचे हात दिसले, मनगटांपर्यंत काळे. ग्रीस असेल, असं वाटलं. थोड्या वेळाने माणसांचे आवाज आले, केरबाचा सगळ्यांत मोठा. त्यांनी पुलाच्या कामाच्या बल्ल्या आणून ट्रकला टेका दिला आणि माझे पाय धरून मला मागे ओढलं. लुगड्याचा अर्धा काठ आतच राहिला.

गफारभाईंना काढायला त्यानंतर अर्धा तास लागला. पहारीने पत्रा मागे वाकवला. पाय गुडघ्याखाली मोडला होता. केरबाने गाडीत कडबा अंथरला आणि त्याच बुजऱ्या बैलांनी त्यांना मानवतपर्यंत नेलं. तिथून जीपने परभणी.

परभणी

दवाखान्यात माझ्या बोटांवर पट्टी झाली. बॅटरीच्या आम्लाने तीन बोटांची कातडी गेली होती. गफारभाईंचा पाय फळीला बांधला होता. त्यांची बीबी आली होती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि रडायला लागली.

"गफारभाई," मी विचारलं, "गाडीची प्लस चेसीला आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुठून ठाऊक?" ते म्हणाले. "महिना झाला गाडी हातात येऊन. पेटी मी कधी उघडलीच न्हाई. ठाऊक न्हवतं म्हणून तर तुम्हाला माग काढायला लावला."

तेवढ्यात कंपाउंडर कमलला म्हणाला, "आता तुमी हात दाखवा, बाई."

"मला काय झालंय?" कमल म्हणाली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. सगळ्या वाटेत तसेच होते, हे मला तेव्हा लक्षात आलं.

कंपाउंडरने पदर बाजूला केला. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. काही फुटलेले, त्यांत वाळू रुतलेली.

मला पहिल्यांदा कळेना. गफारभाई मान वळवून भिंतीकडे बघायला लागले. मग त्यांनीच सांगितलं. मी पेटीपाशी असताना दुसरी ठिणगी पडली, तीच कडब्यात गेली. चालकाच्या केबिनमागे पेंढ्या धुमसायला लागल्या. त्यांना काचेतून धूर दिसत होता. कमल भिंतीच्या अंगाने वर चढली, ट्रक हलू नये म्हणून भिंतीवर एक पाय ठेवून, आणि पेटलेल्या पेंढ्या हातांनी ओढून खाली टाकत राहिली. पाणी नव्हतं. वाळूत दाबून विझवत होती. आणि मधून मधून मला सांगत होती, घाई न्हाई.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर घाई केली असतीस," कमल म्हणाली. कंपाउंडर फोडावर औषध लावत होता आणि तिचे डोळे पाण्याने भरले होते. "आन मंग मायनसच काढली असतीस तू."

मी तिथेच खाली बसले. ट्रकखाली जेवढी भ्याले नव्हते तेवढी तिथे, औषधाच्या वासात, लख्ख उजेडात भ्याले.

पुन्हा पेडगाव

रजा वाढवून मागितली आणि आणखी आठवडाभर राहिले. कमलचे दोन्ही हात बांधलेले, आईला दिसायचं कमी. माझी तीनच बोटं बांधलेली, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. वरण जमलं. भाकरीने मात्र माझा अंत पाहिला. आमच्याकडची तांदळाची भाकरी उकड काढून होते, जवारीचं पीठ तसं ऐकत नाही. कमल चुलीशेजारी पाटावर बसायची, पट्टीचे हात मांडीवर ठेवून, आणि तोंडाने सांगायची.

"पाणी कमी घाल. आता मळ. अजून. तळव्यानं मळ, बोटांनी न्हाई. आता थाप. कडेनं थाप, फाटायलीय बघ."

तिला घास मी भरवायचे. ती कुरकुरायची की कोकणातल्या बायका चिमणीएवढे घास करतात.

निघण्याच्या आदल्या सकाळी एक भाकरी पहिल्यांदाच गोल झाली. मी ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि दोघी तिच्याकडे बघत बसलो. चुलीत तुराटीची, तुरीच्या वाळल्या काडीची, एक गाठ फटकन फुटली. ठिणगी उडाली, तव्यापलीकडे जमिनीवर पडली आणि विझली.

दोघीही भिंतीपर्यंत मागे सरकलो होतो. मी तिच्या दंडाला घट्ट धरलं होतं. तिचं छातीतलं धडधडणं मला हाताला लागत होतं, आणि माझंही तिला लागत असणार. किती वेळ तशा बसलो कोण जाणे. तिची आई दारातून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"शालू," शेवटी कमल म्हणाली, "भाकरी करपायलीय."